हानमची किल्ली

३ मार्च २०१९, रविवार

ठरलं! ठरलं ठरलं ठरलं! हानम इटलीला जाणार!

रिफअत दुपारी बूट न काढताच घरात शिरला आणि दिवाणखान्यात मला गरागरा फिरवलं. चौसष्टाव्या वर्षी! कंबर धरून बसला मग अर्धा तास. १२ एप्रिलच्या जहाजावर जागा मिळाली. अलेक्झांड्रिया ते सालेर्नो. आपण विमानाने जायचं आणि तिथून तिला चालवत न्यायची वरपर्यंत, तोरिनोला. मेच्या चार-पाच तारखांना तिथे जुन्या फियाटांचा मेळावा आहे. जिथे जन्मली तिथेच साठाव्या वर्षी माहेरपण! मेळावा झाला की आल्प्स ओलांडून फ्रान्स.

हानम म्हणजे बाईसाहेब. नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. १९५९ची फियाट अकराशे, पिस्त्याच्या रंगाची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. या घरात मी सून म्हणून आले तेव्हा मानाने ती माझ्यापेक्षा थोरली होती. अजूनही आहे.

कामाची वाटणीही झाली. रिफअत चालवणार. मी नकाशा धरणार. त्याची थोरली बहीण, इनायत आबला, मागे बसून घाबरणार. मी म्हटलं, "मधे कुठे तरी तासभर मी चालवीन." तो हसला. नुसता हसला!

तेहेतीस वर्षं झाली लग्नाला. गाडी मला येते – रोज माझ्या डबड्यातून फार्मसीत गेले, सत्तावीस वर्षं, ट्रामच्या आडवी न येता. पण हानमची किल्ली एकदाही हातात दिली नाही याने. बाळंतपणाच्या कळा येत होत्या तेव्हा गमतीत म्हटलं होतं, मी चालवते, तू ओरड. तेव्हाही नाही. "हानमला एकाच पायाची सवय आहे, साफी." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की स्वप्नातही ऐकू येतं.

मला ती चालवायची आहे. हे इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

७ मार्च

कस्टमचं काम बघणारा बिशारा आला होता. इंजिनाच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, आकडे उमटले. मग चासीच्या नंबरावर. रिफअत शेजारी उभा – बायकोची सोनोग्राफी चालल्यासारखा! गाडीचा पासपोर्टही निघाला, त्याला सगळे त्रिप्तिक म्हणतात. पिवळा, जाड, शिक्क्यांना भरपूर जागा. माझ्या पासपोर्टापेक्षा देखणा आहे.

बिशारा म्हणाला, "उस्ताझ रिफअत, व्हिसा हातात आल्यावर गाडी चढवू या का?"

"व्हिसा मिळणारच! मी अठ्ठ्याऐंशी साली जाऊन आलोय."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

१८ मार्च, सोमवार

व्हिसाचे अर्ज दिले. माझा मी रात्रीच भरून ठेवला होता. त्याने सकाळी स्वयंपाकघरात उभ्याने भरला, फूल, म्हणजे सुक्या वालाची उसळ, शिजत होती तोवर – शाईचं पेन, वळणदार अक्षर, बापाकडून आलेला रुबाब. माझ्याकडे सरकवला. "तू डॉक्टरांची अक्षरं वाचलेली बाई, जरा नजर टाक." टाकली. पाकीट बंद केलं.

मग फूल आणि ताआमियाचे वडे खाऊन रांगेत. तीन तास!

इनायत आबलाला व्हिसाची कटकट नाही. तिची लेक मार्सेलला असते, आबलाला पाच वर्षांचा मिळालाय. रांगेत आम्ही उभे असताना ती समोरच्या दुकानात बसून लिंबाचं सरबत पीत हात हलवत होती.

२९ मार्च

तिकिटं, नकाशे, रुंद काठाची टोपी. टोपी घालून आरशासमोर स्टिअरिंग धरल्यासारखे हात केले. कामवाली बाई मागे उभी होती, ते नंतर कळलं.

१० एप्रिल, बुधवार

हानमला बंदरावर सोडून आलो.

नियम असा, की टाकीत चार थेंब पेट्रोल आणि गाडीत सुतळीचा तोडासुद्धा नको. रिफअतने डिकीत हलव्याचे बारा डबे लपवले होते – मेळाव्यातल्या लोकांना द्यायला. बंदरावरच्या पोलिसाने एकेक काढून भिंतीवर रचले. मग रिफअतने पोलिसाला एक डबा दिला, बिशाराला एक, हमालांना दोन. उरलेले आठ मांडीवर घेऊन टॅक्सीतून घरी.

जहाजावर चढवताना त्यांचाच माणूस चालवतो. कुणीतरी परका, पंचविशीतला, च्युइंगम चघळत! रिफअतने त्याला किल्ली दिली. सहज दिली! मी बघत राहिले. रागच आला, दुसरं काही नाही.

पहिल्या गिअरला कचकन आवाज. रिफअतने डोळे मिटले. हानम वर चढली आणि इनायत आबलाने जीभ हलवून अशी काही लग्नातली आरोळी ठोकली, की सगळं बंदर वळून बघायला लागलं. हमालही साथ देऊ लागले. मी रडले-हसले दोन्ही.

१२ एप्रिल

जहाज सुटलं. रिफअत समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर उभा राहून दुर्बिणीने बघत होता. ते जहाज तेच होतं की नाही, देव जाणे.

१४ एप्रिल, रविवार

अरे देवा! हसावं की रडावं ते कळत नाही.

पासपोर्ट आणायला गेलो. माझा मिळाला – व्हिसासकट! रिफअतला काचेपलीकडच्या मुलीने थांबवलं.

"उस्ताझ, आपला जन्म एकोणीसशे साली झाला?"

"पंचावन्न साली."

"अर्जात एकोणीसशे आहे. त्यावरून विम्याचा कागदही एकोणीसशेचा झालाय. वय एकशे एकोणीस. विमा कंपनीने तो रद्द केला. अर्ज अपुरा म्हणून परत आलाय."

तिने अर्ज काचेला लावून दाखवला. एक, नऊ – झकास, इंग्रजी वळणाचे. आणि पुढे याचा हात सवयीवर गेला. आपला पाच! आपला अरबी पाच, म्हणजे नुसता गोल. आपला शून्य म्हणजे टिंब. पण त्यांच्याकडे गोल म्हणजेच शून्य!

"हे पाच आहेत!" रिफअत ओरडला.

"मला माहितीय ते पाच आहेत," ती बिचारी म्हणाली. "मीही इथलीच. पण इटालियनांना ते शून्य."

मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "एकशे एकोणीस? माशाल्ला! खाता काय?"

मला हसू फुटलं. दाबलं तर नाकातून आलं. टॅक्सीत रिफअत सिदी गाबेरपर्यंत बोटाने मांडीवर पाच गिरवत होता. मग हळूच म्हणाला, "तू तपासला होतास ना?"

"मला पाचच दिसले," मी म्हटलं. खोटं नाही.

"हो," तो म्हणाला. "आपल्या डोळ्यांना पाचच दिसणार."

१५ एप्रिल

पुन्हा अर्ज. सगळं नीट झालं तरी पंधरा दिवस, म्हणजे मे उजाडणार. आणि हानम गुरुवारी सालेर्नोला उतरते! दहा दिवसांत उचलली नाही तर ते तिला गोदामात टाकणार, आणि मग कागदांचा फेरा नव्याने. मेळावाही गेला.

हत्ती गेला, शेपूट राहिलं. आमच्याकडे हत्ती पुढे गेला आणि माहूत राहिला!

संध्याकाळी आबलाकडे बैठक. रिफअत बोटांवर मोजत नावं घेत होता. मुलगा हशमत – कॅनडात, रजा नाही. भाचा – व्हिसा आहे, लायसन्स नाही. कॅफेतला तावल्याच्या सोंगट्या खेळणारा मित्र – लायसन्स आहे, डोळे नाहीत. बिशारा – "उस्ताझ, मला बोट लागते." विमानाने जायचं म्हटलं तर म्हणे तेही लागतं.

मी चहा ओतत होते. ओतच राहिले. कप भरून बशीत सांडला.

आबलाने सुपारीच्या खांडासारखं कडकन म्हटलं, "आणि ही काय मेलीय?"

रिफअतचं मोजणारं बोट हवेतच राहिलं.

"हिला व्हिसा आहे. लायसन्स आहे. हात-पाय आहेत. मी सोबत आहे. तेहेतीस वर्षं हिने तुला सांभाळलं, गाडी काय जड आहे?"

रिफअत माझ्याकडे बघत राहिला. मी बशी पुसत होते. "बघू," म्हणाला. त्याच्या तोंडून "बघू"! माझ्या कानात ढोल वाजत होते.

१६ एप्रिल, मंगळवार

नोंदणी कचेरी. मला मुखत्यारपत्र हवं, नाहीतर त्रिप्तिक त्याच्या नावावर आणि चालवणारी मी, कसं चालेल? कारकुनाने मान वर न करता विचारलं, "विकायला की चालवायला?" इथे रोजचे शंभर लोक गाड्या विकायलाच येतात.

"विकायला? जीभ झडो तुझी!"

"मग चालवायला. कुणाला?"

रिफअत थांबला. मोठ्यांदा म्हणायला जड जात होतं त्याला, दिसत होतं. "माझ्या बायकोला."

"लिहा तसं."

लिहिलं. गाडी नंबर, त्याची जन्मतारीख, सगळे गोल-गोल पाच. इथे चालतात ते! सही करताना पेन एकदा कागदावरून उचललं. मी श्वास धरला. मग केली. शिक्का बसला – धप्प! इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

बाहेर पायरीवर त्याने किल्ली दिली. बोटं लगेच सोडली नाहीत. मी ओढली.

२२ एप्रिल, सोमवार

विमान. इटालियनांच्या ईस्टरची सुट्टी, बंदर बंद, उद्या उघडेल. आबलाच्या पेटीतून वास येतोय. विचारलं तर म्हणते, "तुला काय करायचंय?"

हलव्याचे आठ डबे माझ्या पेटीत आहेत. कपडे दोनच.

२३ एप्रिल

चालवली!!!

नीट लिहिते. सकाळी बंदर, कागद, शिक्के. आबलाची नन्सच्या शाळेतली साठ वर्षांपूर्वीची इटालियन कामी आली. तिने कारकुनाला काय म्हटलं कोण जाणे, तो उभा राहिला आणि वाकून नमस्कार केला त्याने. हानम कोपऱ्यात धूळ खात उभी होती. मी दार उघडलं आणि सवयीने उजवीकडून बसले. मग आठवलं! उतरले, वळसा घातला, डावीकडे बसले. सीट पुढे ओढली. तीस वर्षांत ती सीट हलली नव्हती, आबलाने मागून लाथ घातली तेव्हा हलली.

फोनवर रिफअत. "चोक अर्धा. अर्धा म्हणतोय मी! पेडल मारू नकोस. ऐकव आवाज." आबलाने फोन बॉनेटपाशी धरला. दोनदा खोकली. तिसऱ्यांदा लागली.

"साफी," तो म्हणाला, "छान वाजतेय."

फाटकापर्यंत तीनदा बंद पडली. कचकन गिअर – च्युइंगमवाल्याच्या दुप्पट. मग समजलं, क्लच अगदी वर आल्यावर धरते ती. मग समुद्राकडेचा रस्ता, खिडकी उघडी, टोपी उडाली. गेली टोपी! आबला मागे कुराणातल्या आयती पुटपुटत होती आणि मधेच "जरा जोरात घे, मागे ट्रकवाले हसतायत."

मी गात होते. एकोणसाठ वर्षांची बाई, भसाडा आवाज, दुसऱ्यांच्या देशात.

२६ एप्रिल

रोम टाळून ओर्व्हिएतोपर्यंत आलो. ताशी सत्तर, उतारावर पंच्याऐंशी. लोक हॉर्न वाजवतात – शिव्या नव्हेत, सलाम! एका म्हाताऱ्याने सिग्नलला हानमच्या बॉनेटचा मुका घेतला. रिफअतचा तासाला फोन. तेल बघितलंस? पाणी? हवा? मी म्हटलं, "मला विचार की जेवलीस का." म्हणाला, "तू उपाशी राहणारी बाई नाहीस."

आज सगळी यादी मीच त्याच्या आधी म्हणून टाकली. मग त्यानेच विचारलं, "दुसऱ्या गिअरला घरघरते का अजून?" आता हानमचं त्याने मला विचारायचं! मज्जा वाटली, आणि जरा वाईटही.

२८ एप्रिल

बोलोन्याच्या वाटेवर डोंगर. चढावर मधेच आचके द्यायला लागली आणि बंद. कडेला घेतली. फोनला रेंज नाही. आबला म्हणाली, "झालं. आता इथेच माती."

मला सुचेना. मग आठवलं – उन्हाळ्यात वाळवंटी रस्त्यावर रिफअत काय करतो. पेट्रोलचा पंप तापला की त्यावर ओलं फडकं. बॉनेट उघडलं. फडकं कुठलं? हलवा आहे, नकाशे आहेत, फडकं नाही. आबलाच्या डोक्याला रेशमी रुमाल होता.

"हा इस्तंबूलचा आहे!"

"आबला, द्या."

"माझ्या रुखवतातला आहे!"

"आबला!"

पाण्यात बुडवला, पंपाला गुंडाळला, वीस मिनिटं हलवा खाल्ला. किल्ली फिरवली – लागली! पहिल्या झटक्यात! आबलाने उघड्या डोक्याने पुन्हा तीच लग्नातली आरोळी ठोकली, डोंगराने परत दिली.

रिफअतला सांगायचं नाही असं ठरवलं. दहा मिनिटांत रेंज आली आणि आबलाने सांगितलं. त्याने तिला पाठवलंच होतं पहारेकरी म्हणून. मी कानाला खडा लावून बसले. तो म्हणाला, "मलाही तेच सुचलं असतं." थोड्या वेळाने, "नाही. मी आधी अर्धा तास शिव्या दिल्या असत्या."

२९ एप्रिल

शम्म अल-नसीम, आमचा वसंताचा सण! घरी असतो तर सगळे समुद्रावर असते. आबलाच्या पेटीतलं रहस्य बाहेर आलं – फसीख, खारवून आंबवलेला मासा! बरणीत, सात पिशव्यांत, तरी वास. रस्त्याकडेच्या बाकावर कांद्याच्या पातीबरोबर पाव मोडून खाल्ला. पोलिसांची गाडी थांबली. दोघे उतरले, नाक मुरडलं, डिकी उघडायला लावली. प्रेत शोधत होते बहुतेक! आबलाने त्यातल्या लहान पोलिसाला घास भरवला. त्याने गिळला. डोळ्यांत पाणी. मग दुसऱ्याने मागितला, म्हणजे बघा.

चार दिवस उरले. व्हिसा मिळाला तर रिफअत तीनला विमानाने येणार, मग संपलं. मी पुन्हा उजवीकडे. हिशेबाने हळू चालवावी तर हानमला हळू चालवत नाही.

१ मे

रिफअतचा व्हिसा आला. फोनवर रडला. वरातीमागून घोडं एकदाचं निघालं!

आनंद झाला. खरंच झाला. तरी फोन ठेवल्यावर मी एकटीच हानममध्ये जाऊन बसले, उगीच, इंजिन न लावता.

३ मे, शुक्रवार

तोरिनोचा विमानतळ. रिफअत बाहेर आला, मला सोडून गाडीकडे धावला. काय अपेक्षा होती माझी? वाकून चाकं बघितली, खाली तेलाचे डाग शोधले, दारांवर ओरखडे शोधले. बोट फिरवत फिरवत पूर्ण फेरी. एक ओरखडा नाही. मी किल्ली मुठीत धरून उभी. नखं रुतत होती. 'दे' म्हणाला असता तर दिली असती. देणारच होते. मालक तो.

फेरी पूर्ण झाली. उजवीकडचं दार उघडलं आणि बसला. "सीट तुझ्या मापाची केलीयस. आता माझे पाय कुठे मावणार तिथे?"

मी डावीकडे बसले. इंजिन लावलं. त्याने नकाशा उलटा धरला होता.

४ मे

एकशे चाळीस फियाटा! पिस्ता रंगाची आमची एकटीच. हलवा संपला.

रिफअत म्हणतो, परवा आल्प्स आहे, घाट अवघड, माझे गुडघे दुखतात – तूच घे. कॅफेतल्या तावलावाल्यांना फोन करून सांगत होता, "माझी बायको चालवते, मी बसतो खानदानी पाशासारखा." गुडघे दुखत नाहीत त्याचे. सकाळी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला.

५ मे, रविवार

आज त्याने अख्ख्या मैदानाला गोष्ट सांगितली. आबला भाषांतर करत होती, तो कागदावर गोल काढून दाखवत होता. "माझ्या दोन पाचांनी घोटाळा केला म्हणून हिला ही गाडी मिळाली. अल्लाची कृपा, माझं अक्षर चुकलं!" सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

अठरा मार्चला, स्वयंपाकघरात, ते दोन गोल मला दिसले होते. इटालियन ते काय वाचणार, तेही तेव्हाच कळलं होतं. मी पेन उचललं. टोपण काढलं. त्याच्याकडे पाहिलं – तो पावावर फूल वाढत होता, माझ्याही पावावर. मी टोपण परत लावलं.